हे रान कुणाचं?

गेल्या शनिवारी दुपारी जेवण जरा जास्तच झालं. झोपायचं नव्हतं, आणि काम करायचा तर प्रश्नच नव्हता. मग काय, केला लॅपटॉप चालू आणि लावला स्नोरनर. पुढचे अडीच तास मी एक ट्रक चिखलातून बाहेर काढत होतो. बायको दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "अरे, मघाशी पण इथंच होतास ना?"

होतो. त्याच खड्ड्यात होतो. आणि खरं सांगायचं तर मजेत होतो.

हे वेड जुनं आहे. आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही जुना आहे, जो माझ्या आजोबांनी विचारला होता आणि ज्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं. आज दोन्हींबद्दल लिहून टाकतो.

२००१-०२ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा सांगलीत राहायचो. घरी नुकताच असेंबल केलेला कॉम्प्युटर आला होता. "अभ्यासासाठी", अर्थातच. त्यावर मित्राकडून आणलेल्या सीडीतून पहिल्यांदा काय टाकलं असेल तर मोटोक्रॉस मॅडनेस. रेनबो स्टुडिओजने बनवलेला, मायक्रोसॉफ्टने १९९८ साली काढलेला. ज्यांनी खेळलाय त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता हसू आलं असेल. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात: एक मोटरसायकल, समोर वाळवंटासारखं पसरलेलं चढउतारांचं रान, आणि त्या रानात वाट्टेल तिकडं गाडी घालायची मुभा. शर्यत होतीच, पण शर्यत कोण खेळतंय? आम्ही सगळे टेकडीवरून गाडी उडवायच्या मागे. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे नकाशाच्या टोकाला असलेला उंच कडा. तो कसाबसा चढून पलीकडं गेलात की एक धडाड आवाज व्हायचा आणि कुणीतरी तोफेतून डागल्यासारखे तुम्ही परत आत, हवेत गटांगळ्या खात! नकाशा संपला, हे सांगायची इतकी विनोदी पद्धत मी नंतर कधीच बघितली नाही.

तर त्याच दिवसांत आबा, म्हणजे माझे आईचे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. त्यांचं गाव पलूसकडचं, थोडी काळी जमीन, ऊस आणि हळद. पट्टी निघाल्यावर नवीन डोळ्यांनी ते घरभर सगळं न्याहाळत फिरायचे. एकदा माझ्या मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले,

"हे रान कुणाचं हाय रं?"

"कुणाचंच न्हाई आबा. गेम हाय."

"कुणाचंच न्हाई? आसं रान आसतंय व्हय?"

मी हसलो. ते काही हसले नाहीत. "आन पाऊस कवा झालाय हितं?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याचंही उत्तर माझ्याकडं नव्हतं.

मजा कशात आहे?

आधी मजेबद्दल बोलू, कारण ती खोटी नाही.

डांबरी रस्त्यावरच्या रेसिंग गेममध्ये रस्ता ठरलेला असतो. वळण कुठं, ब्रेक कुठं, हे एकदा पाठ झालं की पुढं सगळा मिलिसेकंदांचा हिशेब. ऑफरोडमध्ये तसं नाही. तिथं गाडी आणि जमीन यांची सतत बोलणी चालू असतात. तुम्ही म्हणता डावीकडं, खडी म्हणते थांब जरा, मागचं चाक म्हणतं मी तर निघालो उजवीकडं. मग तुम्ही स्टिअरिंग उलटं फिरवता, गॅस किंचित सोडता, आणि गाडी आडवी घसरत घसरत नेमकी हवी तिथं जाऊन सरळ होते. ती एक सेकंदाची मजा शब्दांत सांगता येत नाही. सगळं हातातून निसटतंय आणि तरी सगळं हातात आहे, असं काहीतरी.

हे ज्यांनी नीट जमवलं त्यात कॉलिन मॅक्रे रॅली हे नाव घ्यायलाच हवं. कोडमास्टर्सचा हा गेमही १९९८चाच. मॅक्रे हा स्कॉटलंडचा ड्रायव्हर, १९९५चा जागतिक रॅली विजेता. (२००७ साली हेलिकॉप्टर अपघातात गेला. बातमी वाचली तेव्हा ओळखीचं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं होतं.) २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात फिनलंड होतं, ग्रीस होतं, केनिया होतं. प्रत्येक देशाची माती वेगळी, घसरण वेगळी. शेजारी निकी ग्रिस्टचा आवाज, पुढचं वळण आधीच सांगणारा. ऐकलं नाही की झाडावर. आणि झाडावर आदळलात तर गाडीचं जे मोडलं ते पुढच्या टप्प्यातही मोडलेलंच. दुरुस्तीला ठरावीक मिनिटं मिळायची, त्यात काय काय दुरुस्त करायचं ते तुम्ही ठरवा. गिअरबॉक्स की स्टिअरिंग? आता बोला!

कॉलेजात आम्ही हे इतकं खेळलो की काही गोष्टी अंगात मुरल्या. खडीवर जोरात ब्रेक दाबायचा नाही. चढावर मध्येच थांबायचं नाही. वळण दिसायच्या आधी वेग कमी करायचा. पुढं ठोसेघरच्या रस्त्यावर पावसात बाईक घसरली, तेव्हा हात आपोआप बरोबर चालले होते. याचं थोडं श्रेय मी त्या खेळाला देतो, आणि बरंचसं नशिबाला.

माती म्हणजे एक आकडा

आता दुसरी बाजू. नोकरीला लागल्यावर हौस म्हणून दोन-चार शनिवार-रविवार बसून छोटा रेसिंग गेम लिहायचा प्रयत्न केला होता. (पूर्ण झाला नाही. कुणाचा होतो?) तेव्हा आतलं गुपित कळलं. साध्या गेममध्ये माती म्हणजे एक आकडा असतो. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक प्रकार दिलेला: डांबर, खडी, चिखल. प्रत्येक प्रकाराला घर्षणाचा एक गुणक. समजा डांबर १, खडी ०.७, चिखल ०.४. चाक त्या तुकड्यावर आलं की आकडा बघायचा आणि गुणाकार करायचा. वर तपकिरी चित्र चिकटवलं की झाला चिखल.

आबांचा दुसरा प्रश्न मला तेव्हा कळला. पाऊस कधी झालाय इथं? म्हणजे हा चिखल आजचा, कालचा की आठ दिवसांपूर्वीचा? काळ्या रानात ह्या प्रश्नावर सगळं अवलंबून असतं. पाऊस झाला की पहिले काही दिवस रानात पाय घालायचा नाही. चिखल चपलेला असा धरतो की चप्पल तिथंच राहते आणि पाय पुढं जातो. मग हळूहळू वाफसा येतो. आमच्याकडं "घात आली" असंही म्हणतात. आबा मूठभर माती घेऊन दाबायचे आणि सोडायचे. गोळा बोटानं हलकेच फुटला तर रान तयार. त्यानंतर उशीर केलात तर तीच माती दगड होते आणि तिला भेगा पडतात. एकच रान, पंधरा दिवसांत तीन वेगळ्या जमिनी! आणि इथं आम्ही ०.४ लिहून मोकळे.

हे फक्त काळ्या मातीचं झालं. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून बघा. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, जांभा दगड, लाल चिकट माती. तिथून पूर्वेला माण तालुक्यात उतरलात की पाचशेच्या आसपास, मुरमाड माळ, उन्हाळ्यात नुसता फुफाटा. कृष्णेच्या काठानं खाली कराड, इस्लामपूर, सांगलीकडं आलात की ती काळी. कॉलिन मॅक्रेला देश बदलायला विमान लागायचं, आपल्याकडं एसटीचा पास पुरतो :-) आणि तरी ह्या मातीवर बेतलेला एक धड ऑफरोड गेम मी आजवर खेळलेलो नाही. वाळवंट अमेरिकेचं, बर्फ स्वीडनचा, जंगल रशियाचं.

पण न्यायाने बोलायचं तर प्रयत्न झालेत. प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीला, २००६-०७ मध्ये, मोटरस्टॉर्म आला. त्यात पहिल्या फेरीत चिखलात पडलेल्या चाकोऱ्या दुसऱ्या फेरीत तशाच असायच्या. २००७च्या सेगा रॅलीमध्येही तेच. मग २०१४ साली स्पिनटायर्स आला, त्यातून २०१७चा मडरनर, २०२०चा स्नोरनर. ह्यांनी तर शर्यतच काढून टाकली. प्रतिस्पर्धी नाही, घड्याळ नाही, फक्त तुम्ही, ट्रक आणि चिखल. चाक फिरतं तशी माती उकरली जाते, गाडी खोल खोल जाते. मग डिफरन्शियल लॉक करा, झाडाला विंच लावा, नाहीतर दुसरा ट्रक आणून ओढा. सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. उसाची भरलेली ट्रॉली रानातून निघत नाही, तेव्हा पुढं दुसरा ट्रॅक्टर लावून टोचन करतात. ऊसतोडीच्या हंगामात हे नेहमीचं दृश्य. चार माणसं ओरडतायत, एकजण चाकाखाली पाचट टाकतोय, पुढच्या ट्रॅक्टरची तोंडं वर उचलली जातायत. स्नोरनर हा मला वाटतं टोचनवर बनवलेला जगातला सगळ्यात महागडा खेळ असावा.

म्हणजे मातीचा प्रश्न हळूहळू सुटतोय. प्रोसेसर आणखी वेगवान होतील, कधीतरी वाफसाही येईल. पण आबांचा पहिला प्रश्न अजून तसाच आहे.

कुणाचंच नसलेलं रान

२०१६च्या सप्टेंबरात आम्ही पुण्याहून पाचजण निघालो. एका मित्रानं जुनी फोर बाय फोर जीप घेतली होती, तिचा मुहूर्त करायचा होता. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका पठारावर गेलो. (नाव सांगत नाही. कास नव्हे.) डांबरी संपली, मग कच्चा रस्ता, आणि मग समोर हिरवंगार सपाट पठार, मध्ये पाण्याची डबकी, धुकं. अगदी गेमच! मित्र म्हणाला, "घालू?" आणि सगळे एका आवाजात, "घाल!"

गुरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या माणसानं हात केला. "पावनं, रस्ता तिकडनं हाय."

"दोनच मिनिटं काका," मी म्हणालो. हो, मीच म्हणालो.

दोन मिनिटांची वीस झाली. डबक्यातून पाणी उडवलं, गोल गोल फिरवली, फोटो काढले. एकदा रुतलो, पण निघालो. काका जरा वेळ उभे राहिले आणि मग गुरं घेऊन निघून गेले. भांडले नाहीत, काही नाही.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत घरच्यांना घेऊन तिथं गेलो. पठार सोनकीनं पिवळं झालं होतं. आणि त्या पिवळ्यातून दोन समांतर पट्टे गेलेले, पुढं जाऊन गोल वळलेले. पट्ट्यांत पाणी साचलेलं. फूल एक नाही. आमच्याच चाकांचे असतील का? काही आमचे, काही आमच्यासारख्या आणखी दहा गाड्यांचे. नंतर ह्यावर वाचलं तेव्हा कळलं. ह्या पठारांवर जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. फुलं येतात ती तेवढ्यावरच. कास पठारावर ८५० हून जास्त जातींच्या वनस्पती नोंदवल्या आहेत आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं, ते ह्या बोटभर मातीच्या जोरावर. ती चाकाखाली दबली की दबली. काळ्या रानात चाकोरी पडली तर शेतकरी शिव्या देत का होईना, नांगरून टाकतो. पठार कोण नांगरणार?

मी त्या पट्ट्यांकडं बघत उभा होतो आणि डोक्यात आबा. "कुणाचंच न्हाई, आसं रान आसतंय व्हय?"

आता लगेच कुणीतरी म्हणेल, "अरे गेम खेळून कुणी पठारं तुडवायला जात नाही. बंदुकीचे गेम खेळून खून करतोस का?" मान्य. गेम खेळलो नसतो तरी त्या दिवशी आम्ही जीप घातलीच असती बहुधा. मोठ्या गाड्यांच्या जाहिराती तरी दुसरं काय दाखवतात? ओढ्यातून पाणी उडवत जाणारी गाडी, आणि मागं माणूस नाही, गुरं नाहीत, बांध नाही. पण एवढं मात्र खरं की त्या क्षणी "घालू?" ह्या प्रश्नाला "हे कुणाचं?" हा दुसरा प्रश्न माझ्या मनात आला नाही. पंधरा वर्षं मी ज्या रानांत गाडी घालत होतो, त्यांतल्या एकाही रानात तो कुणी विचारला नव्हता. रस्ता चुकला की गाडी परत रस्त्यावर ठेवून मिळायची. २००९च्या डर्ट २ पासून तर वेळच मागं फिरवायची सोय झाली. आदळलात? बटण दाबा, पाच सेकंद मागं या. पठारावर ते बटण मी शोधत होतो.

आपल्याकडची ऑफरोड शर्यत

गंमत म्हणजे ऑफरोड शर्यतीची आपल्या ह्याच दोन जिल्ह्यांत जुनी परंपरा आहे. इंजिन नाही एवढंच. बैलगाडी शर्यत. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपासून गावोगावच्या जत्रांपर्यंत. लहानपणी आबांबरोबर बघितलेल्या शर्यतीतलं मला आठवतं ते बैलांपेक्षा रान. आधी आठवडाभर ते तयार केलेलं असायचं. दगड वेचलेले, समांतर चाकोऱ्या आखलेल्या. रानमालकाला विचारलेलं असायचं, आणि पीक निघालेलं असायचं. रान कुणाचं, हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असायचं.

मी त्या शर्यतींची आरती करत नाहीये. बैलांना चाबूक, काठी, काय काय सोसावं लागायचं ते मीही बघितलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या मे महिन्यात बंदी घातली ती उगाच नव्हे. राज्याने २०१७ साली कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. अटी पाळल्या जातात का, ह्यावर वाद चालूच राहतील. पण परवानगी, तपासणी, नियम, वाद हे सगळं आहे, म्हणजे खेळाची किंमत कुणीतरी मोजतंय हे निदान सगळ्यांना मान्य आहे. २०२३ साली खानापूर तालुक्यातल्या भाळवणीत झालेल्या शर्यतीचं पहिलं बक्षीस काय होतं माहितीये? थार! बैलांनी पळायचं आणि फोर बाय फोर जिंकायची. वर्तुळ पूर्ण.

मला काय हवंय

उपदेश करणारा गेम नकोय मला. "पर्यावरण वाचवा" अशी पाटी स्क्रीनवर आली तर मीच आधी बंद करीन. मला हवाय तो अजून अवघड, अजून मजेदार गेम. त्यात पाऊस कधी झाला ते बघून वाट निवडावी लागेल. आज रान ओलं आहे, परवा वाफसा येईल, तोवर थांबायचं की लांबच्या पाणंदीनं जायचं? पाणंदीत समोरून उसाची ट्रॉली आली तर मागं कोण घेणार? बांधावरून गाडी घातली तर रस्ता वाचेल, पण मग परत कधी रुतलात तर टोचनला त्या गावातून कोण येणार नाही, हे लक्षात ठेवायचं. सगळ्यात लवकर पोचला तो नव्हे, सगळ्यात कमी खुणा ठेवून पोचला तो जिंकला. लिहायला भयंकर अवघड आहे, माहितीये. पण घसरण्याची ती एक सेकंदाची मजा ह्यात कमी होणार नाही, उलट वाढेलच. कारण मग खरंच काहीतरी निसटण्यासारखं असेल.

आबा २०११ साली गेले. त्यांना स्नोरनर दाखवायला आवडलं असतं. "टोचन लावा की लेको," असं ते नक्की म्हणाले असते.

असो. मागच्या महिन्यात भाचा आला होता, वय वर्षं नऊ. मोबाईलवर हिल क्लाइंब रेसिंग खेळत होता. तो २०१२चा फिनलंडचा गेम, अजून पोरं खेळतात. टेकड्यांवरून जीप उड्या मारत चाललेली. मी मागं उभा राहून बघितलं आणि न राहवून विचारलंच,

"हे रान कुणाचं रे?"

त्यानं मान वर न करता सांगितलं, "मामा, पेट्रोल संपतंय. नंतर विचार."

नंतर विचारायचं राहिलं. पुढच्या सुट्टीत येईल तेव्हा त्याला पलूसला घेऊन जाईन म्हणतो. पाऊस होऊन चार-सहा दिवस झाले असले तर बरं. मूठभर माती हातात देऊन बघू.